रिकामा तलाव वर आल्याबाबत

विषय — नगरपरिषदेचा जलतरण तलाव भर वैशाखात जमिनीतून दीड फूट वर आल्याबाबत. संदर्भ — एक, तलाव रंगवण्याची नस्ती, क्रमांक चौदा. दोन, पाटबंधारे खात्याचं आवर्तनाचं पत्र. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून — अहो, बसा तर खरं, उभ्या काय राहिलात! खुर्ची भक्कम आहे, फक्त डाव्या हातावर रेलू नका, तो निघतो. हसू नका मॅडम, चौतीस वर्षं लिपिक होतो, विषय आणि संदर्भ घातल्याशिवाय माझ्या तोंडून धड तक्रारसुद्धा निघत नाही. भाजीत मीठ कमी पडलं हे बायकोला सांगायचं तरी आधी कालच्या भाजीचा संदर्भ देतो. तर तुम्हाला जुनी नस्ती हवी आहे. आणि कार्यालय म्हणालं, नानांकडे जा. अस्सं. म्हणजे निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी मी अजून कार्यालयाचं तीन नंबरचं कपाटच. नस्ती तिथेच आहे हो! सापडत नाही म्हणाले? सापडत नाही आणि शोधली नाही, या दोन्हींना आपल्याकडे एकच शेरा असतो.

तुम्ही मूळच्या कुठल्या? धुळ्याच्या? बरं झालं. म्हणजे उन्हाची ओळख करून द्यायला नको. आणि शिकलात भूजलाचं — छान विषय, दिसत नाही त्याबद्दल अहवाल लिहायचा, आमच्या खात्यातही बहुतेकांचा तोच विषय होता. सकाळी खड्डा पाहिलात ना? नवा तलाव त्याच जागी. एकदा चुकलेली जागा आपण सोडत नाही, जागेचा अपमान होतो. तीन मोटरी लावल्यात ठेकेदाराने, दिवसभर धडधड, घरात बसून मला पंपाच्या सुरावरून कळतं कुठला हवा ओढतोय. उपसलेलं पाणी सोडतोय कुठे? — कुंपणापलीकडच्या चारीत. चारी जाते कुठे? — तलावाच्याच मागे. म्हणजे पाणी वर काढायचं, वीस पावलं फिरवायचं, पुन्हा जमिनीला पाजायचं आणि पुन्हा काढायचं. हेच तुम्हीही लिहिलंत? शाब्बास. पण लिहून काय होतं ते पुढे सांगतो.

लोकांना वाटतं, तलाव म्हणजे जड वस्तू. एवढं काँक्रीट, एवढं लोखंड, म्हैस बसावी तसा बसलेला, तो काय उठणार? मलाही वाटायचं. मला समजावलं हिलालने. हिलाल म्हणजे तलावाचा माणूस — हुद्दा विचाराल तर रोजंदारी, काम विचाराल तर बठ्ठं, असं तोच म्हणायचा. सगळंच — तिकीट फाडायचा, शेवाळ खरवडायचा, औषध टाकायचा, बुडणाऱ्याला काढायचा, आणि वर्षातून एकदा तलाव रिकामा करायचा. त्याने मला कार्यालयामागच्या हौदावर नेलं आणि एक घमेलं पाण्यात बसवलं. आत पाणी आहे तोवर निमूट तळाशी. मग तेच घमेलं रिकामं करून वर ठेवलं, हाताने खाली दाबलं, हात सोडला — टुणकन् वर! म्हणाला, "नाना, आपली टाकी म्हणजे मोठं घमेलं शे. मातीमधलं पानी तिले खालतून ढकलस. आतमा पानी शे तवलोंग ती बसेल शे." भूजलशास्त्राची एवढी पुस्तकं असतील, त्यांत घमेल्याचं चित्र आहे का सांगा. नाही ना? मग.

आणि त्याची पद्धत! तलावाच्या खोल बाजूला चार हातांवर त्याने एक लोखंडी पाइप जमिनीत ठोकलेला, खाली भोकं पाडलेली. त्यात सोडायची सुतळी, सुतळीला फुटाफुटावर गाठ, टोकाला एक नट. नट पाण्याला लागला की आत डुब् असा आवाज येतो, तो ऐकायचा आणि गाठी मोजायच्या. तलावाचा तळ दहाव्या गाठीवर. पाणी दहाव्या गाठीच्या खाली असेल तर आतलं सोडायचं, वर असेल तर सोडायचं नाही. फारच निकड असेल तर आधी बाहेर खड्डा करून जमिनीतलं पाणी उपसायचं, ते खाली गेलं की मग आतलं, तेही एका दमात नाही, रोज हातभर. अठरा वर्षं त्याने असा तलाव रिकामा केला, एक फरशी हलली नाही. मग आलं सुशोभीकरण. चहूबाजूंनी लाल-पिवळे ब्लॉक बसले, आणि त्यांच्या आड येतो म्हणून तो पाइप कापला. हिलालने विचारलं, आता मी कुठे ऐकू? कोणीतरी म्हणालं, गाणी ऐक.

घ्या, चहा घ्या. सांजोरी घ्या — अहो घ्या, आखाजीच्या आहेत, अजून खुसखुशीत आहेत. आमच्या घरच्या नाहीत, हिलालच्या घरच्या. भिकुबाई, त्याची बायको, दर आखाजीला सणाचा डबा पाठवते. हो, अजूनही. का म्हणजे? — पद्धत आहे.

तर ते वर्ष. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, गावात आठ दिवसांआड नळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धा आपल्याकडे भरणार होत्या, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणून तलाव रिकामा करून रंगवायचा ठरलं. नस्ती क्रमांक चौदा मीच चालवली. टिपणी माझी, मसुदा माझा. आणि मी एकतीस मेला निवृत्त होणार. साहेब म्हणाले — मुख्याधिकारी — "नाना, ही नस्ती तुमच्या हातूनच पूर्ण होऊ द्या." बरं वाटतं हो असं कोणी म्हटलं की. आता वैशाखात जमिनीत पाणी कुठलं, असं तुम्ही म्हणाल — तुम्ही नाही म्हणणार, तुम्ही शिकलेल्या आहात, पण बाकी सगळे म्हणाले. बोअर पाचशे फुटांवर कोरडे जातात तिथे दहा फुटांवर पाणी म्हणणाऱ्याला लोक ऊन लागलं म्हणतात. पण आपल्याकडचा वैशाख वेगळा. पावसाळ्यात पाट कोरडा असेल, वैशाखात तो चालतो! गिरणा धरणातून पाळीने सुटणारं पाणी, उन्हाळी आवर्तन. पाट तलावापासून दोनशे पावलांवर, त्याचं अस्तर ठिकठिकाणी फुटलेलं, मधे शेजारच्या शेतकऱ्याची, नवलची केळी — ती तर चोवीस तास ओलीच. खालचा मुरूम सगळं पाणी तलावाकडे आणून सोडतो. ते आवर्तन सुटल्याचं पत्र कार्यालयात आलं होतं. मीच आवक केलं. विषय शेती, म्हणून वरच्या फळीवर ठेवलं. तलावाची नस्ती क्रीडा, म्हणून खालच्या फळीवर. एकाच कपाटात, मधे एक इंचाची फळी, पण दोघांची भेट झाली नाही. कोण घालून देणार? वर्गीकरण म्हणून काही असतं.

हिलालला मात्र पत्र लागलं नाही. पाइप नव्हता तर तो गेला नवलच्या विहिरीवर. तिथून आला तो थेट माझ्या टेबलाशी, पायांना चिखल, शिपाई ओरडतोय. म्हणाला, "नाना, पाट चालू शे. नवलनी हिरमा दखी उनू, तीन हातवर पानी शे. आते टाकी खाली करशात ते ती वर यी." मी म्हटलं, अरे हिलाल, एवढी काँक्रीटची टाकी, तिला काय पंख फुटणार? "पंख नही नाना, पानी." मी म्हटलं, बरं, मग लेखी दे. त्याला लिहिता येतं सहीपुरतं. आमच्याकडची रीत अशी की तळातल्या माणसाने तोंडी सांगायचं, लिपिकाने त्याचं मराठी करायचं आणि त्याने खाली सही ठोकायची. तो म्हणाला, "तुम्हीच लिखा ना नाना, तुम्हनं लिखेल बठ्ठा लोके वाचतस." लिहिलं. काय लिहिलं होतं मॅडम! "सविनय सादर करण्यात येते की, सद्यःस्थितीत पाटास आवर्तन सुरू असून तलावालगतच्या विहिरीतील पाण्याची पातळी जमिनीपासून अवघी तीन हात आहे. तलावाचा तळ त्याहून खोल असल्याने तूर्त तलाव रिकामा केल्यास तो उचलला जाऊन भंग पावण्याची दाट शक्यता आहे. करिता आवर्तन बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी पाणी सोडण्यास परवानगी मिळावी." एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही. आवक क्रमांक तीनशे बारा.

मग? मग काय. कागद होता. साहेबांना सांगितलं — म्हणजे साहेबांपुढे ठेवायचा होता — कागद टेबलावर होता, असं म्हणू. हिलालने दुसऱ्या दिवशी विचारलं, काय म्हणाले साहेब? मी म्हटलं, पाणी सोड, हुकूम आहे. त्याने एकदाच विचारलं, लिखेल वाचं का त्यासनी? मी म्हटलं, वाचलं. मग त्याने पाणी सोडायचं चाक फिरवलं. साहेबांनी लेखी वाचून हुकूम दिला म्हटल्यावर त्या माणसाच्या दृष्टीने विषय संपला होता. दोन दिवस पाणी जात होतं. तिसऱ्या दिवशी रंगारी आत उतरले. जेवणाच्या सुट्टीनंतर हिलालने त्यांना पुन्हा उतरू दिलं नाही — म्हणे फरशीच्या फटींतून घाम फुटल्यासारखं पाणी येतंय. रंगाऱ्यांनी त्याला शिव्या घातल्या, तो शिडीवर आडवा पडून राहिला. तीन वाजता तलाव उठला.

मी तेव्हा कार्यालयात माझ्या निरोप समारंभाचं भाषण लिहीत होतो. माझं नव्हे, साहेबांनी माझ्याबद्दल करायचं ते. माझ्याविषयी चांगलं लिहू शकेल असा दुसरा माणूस आस्थापनेवर नव्हता. तेवढ्यात ट्रकचं टायर फुटावं तसा आवाज, मग फटाक्यांसारखी फरशांची नुसती लड. जाऊन पाहतो तर खोल बाजू दीड फूट वर, कडेचे लाल-पिवळे ब्लॉक दाताच्या कवळीसारखे बाहेर आलेले, आणि मधोमध आडवी चीर. त्या चिरेतून स्वच्छ, गार पाणी — गावात आठ दिवसांआड नळ, आणि इथे हे! संध्याकाळपर्यंत बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. गिरणामाय प्रकटली म्हणे. दोन दिवस नारळ फुटत होते. आमच्या सौ. सुनंदानेसुद्धा ओवाळलं — हो गं, तूच ओवाळलंस, आता नाही कशाला म्हणतेस! जगात बाकी ठिकाणी देव स्वयंभू असतो, आमच्याकडे तलाव स्वयंभू निघाला.

चौकशी? झाली ना. चौकशी ही आपल्याकडे फार वेगाने होते, खालच्या पायरीपासून सुरू करतात आणि तिथेच संपते. निष्कर्ष असा — "संबंधित रोजंदारी कर्मचाऱ्याने भूजलाची पातळी न तपासता व वरिष्ठांस न कळवता तलावाचे पाणी सोडले. घटनेवेळी सदर कर्मचारी तलावाच्या आत नसून शिडीवर आडवा झोपलेला आढळला." झोपलेला! रोजंदारीवाल्याला काढायला कागद लागत नाही, दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर त्याचं नाव नसतं एवढंच. हिलालने चौकशीत सांगितलं, मी कळवलं होतं, नानांनी लिहून घेतलं होतं. आवक वहीत तीनशे बारा निघालं. कागद निघाला नाही. मला विचारलं. मी सांगितलं, गहाळ झाला असावा. गहाळ हा फार सोज्वळ शब्द आहे मॅडम, त्याला कर्ता लागत नाही.

त्याच्या अंगाला ते नाव चिकटलं. तलाव उपटणारा हिलाल. बाजारात पोरं ओरडतात. आता तो नवलच्या केळीत पाणी धरतो. आणि तुम्हाला म्हणे नव्या तलावाला तोच हवा — कार्यालयात बोललात तुम्ही, कळलं मला, इथे भिंतीलासुद्धा आवक नोंदवही असते. बरोबर आहे तुमचं. त्या जमिनीतलं पाणी ओळखणारा गावात दुसरा नाही, तुमची यंत्रं आणा, नट-सुतळीशी ताडून बघा. पण समिती म्हणते, ठपका आहे, घेता येणार नाही. आणि दिवाळीला तो वयात बसेनासा होईल. त्याला नोकरीचंसुद्धा फार नाही हो. त्याचं मागणं एका ओळीचं आहे — मी कळवलं होतं, एवढं लिहून द्या. अर्ज केलाय त्याने, पाच वर्षं चाललाय. दर वर्षी स्मरणपत्र. कोण लिहून देतं? — मी. सगळं गावच माझ्याकडून अर्ज लिहून घेतं, हिलाल काय वेगळा? येतो, ओट्यावर बसतो, थंडीत भरताची वांगी आणतो, "नाना, औंदा जरा कडक लिखा" म्हणतो. मी लिहितो कडक. गेल्या वर्षीचं वाचून नवलच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हिलालच्या त्या तीनशे बारा नंबरच्या अहवालातला मजकूर मी प्रत्येक अर्जात शब्दशः देतो, मूळ कागद नसला तरी —

पाठ कसा म्हणजे? माझाच मसुदा. आपलं लेखन आपल्याला पाठ असतं. पाच वर्षं काय, पन्नास वर्षं राहील. विश्वास बसत नाही? शब्दच काय, ओळ कुठे मोडली तेही सांगेन — "अवघी" इथे दुसरी ओळ मोडते. थांबा. थांबा, दाखवतोच. तो शब्दकोश द्या इकडे, तुमच्या मागचा, जाडा. हं — हे पहा. हस्ताक्षर पहा! समास पहा, दोन बोटं, खालपर्यंत एकसारखा. आजकाल संगणकावरसुद्धा असा समास — आणि ही त्याची सही, प्रत्येक अक्षर वेगळं, जणू गाठी मारल्यात. असा मसुदा आता लिहिणारा —

काय वाचताय?

ते काही नाही. शेरा आहे तो, समासातला. कार्यालयीन पद्धत असते. "दप्तरी दाखल." म्हणजे कागद पाहिला, कार्यवाही नको, ठेवून द्या. खालची सही — नाही, साहेबांची नाही. साहेब त्या दिवशी जळगावला बैठकीला होते. साहेबांनी हा कागद पाहिलाच नाही, झालं समाधान? अकरा सह्या झाल्या होत्या त्या नस्तीवर, मॅडम. अकरा! आठ महिने एकेकाच्या मागे फिरून. मधे असला एक कागद घुसला की नस्ती पुन्हा तळापासून वर चढते, आणि माझे चार दिवस राहिले होते. चौतीस वर्षांत कार्यालयात माझ्या हातून सुरू झालेली एकही गोष्ट पूर्ण झालेली मी पाहिली नव्हती. एकही. बदल्या, स्थगित्या, निवडणुका, फेरसादर — मला एक नस्ती संपलेली बघायची होती. आणि मला वाटलं, हिलाल घाबरट आहे. घमेल्याचं सगळं कळलं होतं मला, तरी वाटलं.

नाही. देता येणार नाही. प्रत? साक्षांकित प्रत कार्यालय देतं, मूळ कागद त्यांच्याकडे असेल तर. त्यांच्याकडे नाही, कारण इथे आहे. आणि इथे आहे तो शासकीय कागद नव्हे, कारण तो कार्यालयात नाही. मी निवृत्त माणूस, मला साक्षांकनाचा अधिकार नाही. मोबाईल खाली ठेवा मॅडम. मोनाली मॅडम, कृपा करून खाली ठेवा. काढलात? — बरं, काढलात. फोटोला कोणी विचारत नाही, मूळ प्रत सादर करा म्हणतील, तो नियम मला माहीत आहे. द्या तो कागद. माझ्याकडे असं बघू नका, मी काही तुमच्या खात्यातला पाण्याचा नमुना नाही.

सुनंदा, मॅडम निघाल्या. कप राहू द्या. चारीचं तोंड पश्चिमेला वळवायला सांगा त्या ठेकेदाराला, नाहीतर तीन काय तेरा मोटरी लावा. पाचला एरंडोलची बस आहे, मिळेल.

आणि तुम्ही विचारलंत त्या अर्जाचं. श्री. हिलाल पुना महाजन यांचं पाचवं स्मरणपत्र गेल्या सोमवारी रजिस्टर टपालाने पाठवलं आहे, मीच टाकलं. सोबतच्या कागदपत्रांत क्रमांक एक, अहवालाची मूळ प्रत. पुढे, उपलब्ध नाही. पोच आलेली आहे. अर्ज प्रलंबित आहे.